नॉर्वेजियन भाषेंतील सामासिक नामें : अक्षरविभाग आणि पदविभाग

ग्रीयर्सनसाहेबांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा सातवा खंड मराठीस वाहिलेला असून तो १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. मराठीच्या बोलींचा अभ्यास करणारांस तो चांगला परिचित आहे. परंतु त्या खंडाची सिद्धता करणारा स्टेन कोनो (१८६७-१९४८) हा नॉर्वे देशाचा होता, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. त्याच्याहि पूर्वीं, नॉर्वेंतील बेर्गेन शहरीं १८०० सालीं जन्मलेल्या ख्रिस्तियान लास्सेननें जर्मनींतील बॉन येथें राहून १८३७ मध्यें प्राकृत भाषांचें व्याकरण लॅटिनमध्यें लिहिलें. त्या देशच्या पंडितांनीं आमच्या शब्दांची अशी कसून तपासणी केली. आम्हीं मात्र त्यांच्या शब्दांकडे वळून पाहिल्याचें फारसें आढळत नाहीं. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेंत वाढलेल्या वाचकास त्या भाषेंतील एक प्रकरण तरी मनोरंजक वाटेल अशी खात्री असल्यामुळें त्यांतील सामासिक नामांची रचना येथें मांडीत आहें.

मुद्दा थोडक्यांत असा. कोणत्याहि सामासिक शब्दाचे दोन प्रकारचे तुकडे होतात. एक अक्षरांचे, म्हणजे उच्चाराच्या सोयीनें पडणारे. दुसरे पदांचे, म्हणजे अर्थाच्या धोरणानें पडणारे. ‘राजाश्रय’ हा शब्द उच्चारांत रा-जा-श्र-य असा मोडतो, अर्थांत राज-आश्रय असा. संस्कृतांत या दोहोंचा तंटा संधि मिटवून टाकतो. दोन पदांची सीमा एका दीर्घ आकारांत बुडून जाते, आणि ती पुन्हां वर काढण्यास पदपाठकाराची गरज लागते. नॉर्वेजियन भाषेंत तो तंटा मिटत नाहीं. तेथें बोलणाऱ्याच्या मनांत पदांची आठवण जागी असेपर्यंत उच्चार पदांपुढें नमतो. आठवण गेली कीं उच्चार आपला विभाग लादतो. यौगिक शब्द रूढ केव्हां झाला याची खूण अशा रीतीनें शब्दाच्या सांध्यावरच सांपडते.

उदाहरणांतील शब्द नागरींत बहुधा तिकडील लेखनास धरून दिले आहेत. ज्या स्वरांस आपल्या लिपींत चिन्ह नाहीं ते जवळच्या अक्षरानें दाखविले आहेत. त्यामुळें उच्चार तंतोतंत उतरला आहे असें कोणीं समजूं नये.

प्रथम भाषेची स्थिति. १३८० पासून १८१४ पर्यंत नॉर्वे हा डेन्मार्कशीं एका राजाखालीं जोडलेला होता, आणि त्या काळांत लेखनाची भाषा डॅनिश होऊन बसली. १८१४ त राज्यघटना झाल्यावर, देश आपला तर भाषा कोणाची, हा प्रश्न उभा राहिला. एका पक्षानें डॅनिश लेखनासच हळूहळू नॉर्वेजियन वळण दिलें. ईवार ओसेन (१८१३-१८९६) या शेतकऱ्याच्या मुलानें १८४२ पासून खेडोपाडीं फिरून बोली गोळा केल्या व त्यांवरून दुसरी लेखनभाषा उभारली. त्याचें मोठें व्याकरण १८६४ त व कोश १८७३ त निघाला. १८८५ त तेथील प्रतिनिधिसभेनें दोन्ही भाषांस समान मान दिला, आणि १९२९ पासून पहिलीस बूकमोल म्हणजे ग्रंथभाषा व दुसरीस न्यूनोर्स्क म्हणजे नवनॉर्वेजियन हीं नांवें अधिकृत झालीं. दोन्ही आजहि चालू आहेत. समासांच्या इतिहासास हें द्वैत कसें उपयोगी पडतें तें पुढें दिसेल.

आतां अक्षरविचार. प्रातिशाख्यकारांनीं सांगितलेला नियम, कीं दोन स्वरांमधलें एकटें व्यंजन पुढील स्वराचें अंग होतें व जोडव्यंजनांतील पहिलें मागील स्वरास चिकटतें, तोच येथेंहि स्थूलमानानें लागू पडतो. विशेष एवढाच कीं, ज्या अक्षरावर आघात पडतो तें अक्षर नॉर्वेजियन भाषेंत गुरुच असावें लागतें. मग स्वर दीर्घ तरी असेल, नाहीं तर स्वर ऱ्हस्व व पुढील व्यंजन लांबविलेलें असेल. ‘ताक’ म्हणजे छप्पर. ‘ताक्क’ म्हणजे आभार. पहिल्यांत आकार दीर्घ व ककार एकेरी, दुसऱ्यांत आकार आखूड व ककार दुहेरी. आमच्या छंदःशास्त्रांत संयोगापूर्वींचें ऱ्हस्व अक्षर गुरु मानतात, त्याच हिशेबानें दोन्ही शब्द भरतात. फरक हा कीं आमच्याकडे गुरुत्व वृत्तापुरतें पाहिलें जातें, तेथें तें नित्याच्या बोलण्याचा नियम आहे.

समासरचना मात्र आम्हांस अगदीं घरची वाटावी अशी आहे. बहुतेक नामें तत्पुरुष असून उत्तरपद प्रधान असतें. लिंग व वचन त्याचेंच. ‘बार्न’ म्हणजे मूल, हा शब्द नपुंसकलिंगी. ‘हागे’ म्हणजे बाग, हा पुल्लिंगी. ‘बार्नेहागे’ म्हणजे बालोद्यान, तो पुल्लिंगीच. बहुव्रीहीहि भेटतात व ते बहुधा पशुपक्ष्यांच्या नांवांत. ‘ग्रोबेइन’ म्हणजे करडे पाय आहेत ज्याचे तो, अर्थात् लांडगा. त्याचें खरें नांव घेऊं नये या जुन्या समजुतीनें हें टोपणनांव पडलें. आमच्या रानांतहि वाघाचें नांव न घेण्याची चाल होतीच. तांबड्या गळ्याच्या एका लहान पक्ष्यास ‘रोदस्त्रूपे’ म्हणजे शब्दशः रक्तकंठ म्हणतात.

वर ‘बार्न’ व ‘हागे’ यांच्यामध्यें एक एकार आलेला वाचकांनीं पाहिला असेल. नॉर्वेजियन समासांत पूर्वपद कधीं जसेंच्या तसें राहतें, कधीं त्यास एकार जोडतो, तर कधीं सकार. यांचें मूळ बहुतांशीं जुन्या षष्ठी विभक्तींत आहे. म्हणजे हे आमचे अलुक् समासच : वाचस्पति, युधिष्ठिर, दास्याःपुत्र यांत जशी विभक्ति लोप न पावतां राहिली, तशी तेथें सकाराच्या रूपानें राहिली. स्नोर्रीनें लिहिलेल्या राजचरित्रांच्या ग्रंथाचें नांव ‘हेइम्स्क्रिंग्ला’. ‘हेइम्स’ म्हणजे जगाचें, ‘क्रिंग्ला’ म्हणजे मंडल. येथें सकार खरा षष्ठीचा आहे. परंतु पुढें तो विभक्तीचें काम सोडून निव्वळ सांधा बनला. ‘फ्रीहेत’ म्हणजे स्वातंत्र्य. हा शब्द जर्मनीच्या उत्तर भागांतील भाषेंतून आला, व मूळचा स्त्रीलिंगी असल्यामुळें त्यास सकाराची षष्ठी घडण्याचें कारण नव्हतें. तरी ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणावयाचें तर ‘फ्रीहेत्सकाम्प’ असाच शब्द होतो.

या निर्जीव सकारास भाषेनें एक नवें काम दिलें आहे, व तें मला सर्वांत विशेष वाटतें. ‘वीन’ म्हणजे द्राक्षमद्य व ‘ग्लास’ म्हणजे प्याला. ‘वीनग्लास’ यांत सांध्यास कांहीं नाहीं. पण ‘रोदवीन’ म्हणजे तांबडें मद्य, असें पूर्वपदच सामासिक झालें कीं ‘रोदवीन्सग्लास’ असा सकार उमटतो. तो सांगतो कीं ‘तांबडें’ हें मद्याचें विशेषण आहे, प्याल्याचें नव्हे. मोठा सांधा येथें आहे, लहान सांधा मागें राहिला. संस्कृतांत समासगर्भ समासाचा विग्रह करतांना विद्यार्थ्यास जी अडचण पडते तिचें उत्तर तेथें शब्दानें स्वतःच्या अंगावर लिहून ठेवलें आहे. ‘मेन्नेस्केरेत्तिगहेत्सओर्गानिसास्योन’ म्हणजे मानवी हक्कांची संस्था. अकरा अक्षरांचा शब्द, पण ऐकणारा सकारापाशीं थांबून मनुष्य-हक्क एकीकडे व संस्था दुसरीकडे ठेवतो. नियम सार्वत्रिक नाहीं. ‘फोतबाल’ म्हणजे पायचेंडू, हाहि समासच; तरी ‘फोतबालकाम्प’ म्हणजे त्या खेळाचा सामना, यांत सकार येत नाहीं. भाषेचे नियम अपवादांसह शिकावे लागतात हें व्याकरण शिकविलेल्या माणसास सांगावयास नको.

आतां अक्षर व पद यांच्या मूळ तंट्याकडे येऊं. ‘हूसारेस्त’ हा शब्द घ्या. उच्चाराच्या नियमानें त्याचे तुकडे हू-सार-रेस्त असे पडावे. असे पाडले तर प्रारंभीं ‘हुसार’ म्हणजे घोडेस्वार शिपाई दिसूं लागतो व शेवटीं ‘रेस्त’ म्हणजे उरलेला भाग. शिपायाचे अवशेष असा अर्थ निघतो. खरा शब्द ‘हूस’ म्हणजे घर व ‘आरेस्त’ म्हणजे कैद, अर्थात् घरींच स्थानबद्ध करणें. लेखनांत दोन्ही एकच. बोलण्यांत मात्र घोटाळा होत नाहीं. कारण समासांत मुख्य आघात बहुधा पूर्वपदावर पडतो, व आघाताचें अक्षर गुरु असावयाचें, म्हणून ‘हूस’ यांतील ऊकार लांबतो. घोडेस्वाराच्या शब्दांत तोच उकार आखूड असून आघात ‘सार’वर जातो. सकारानें पुढील स्वराकडे धांव घ्यावी हा उच्चाराचा नियम. त्यास पूर्वपदाच्या पदरीं धरून ठेवणें हा पदाचा अधिकार.

उलट प्रकारचेंहि उदाहरण आहे. ‘बार’ म्हणजे सूचिपर्णी झाडाच्या हिरव्या डहाळ्या व ‘नोल’ म्हणजे सुई. ‘बारनोल’ म्हणजे त्या झाडाचें सुईसारखें पान. येथें अक्षरविभाग व पदविभाग एकच. तरी वाचणारा फसतो. कारण ‘बार्न’ म्हणजे मूल हा शब्द डोळ्यांस नित्य परिचयाचा, आणि ‘ओल’ म्हणजे वाम मासा हाहि शब्द आहे. मोडी दप्तरें वाचणाऱ्यांस असे प्रसंग नवे नाहींत. अखंड ओळींत पद कोठें तोडावें यावर कागदाचा अर्थ फिरतो, आणि ओळखीचें पद आधीं दिसतें म्हणून तेंच खरें मानण्याचा मोह कोणासहि होतो.

ओळीच्या अखेरीस शब्द तोडावा लागला तर छापणारांनीं काय करावें? साध्या शब्दांत एक व्यंजन खालच्या ओळींत न्यावें हा उच्चारानुसारी नियम चालतो. सामासिक शब्द मात्र पदांच्या सांध्यावर तोडावा. येथवर ठीक आहे. पण नॉर्वेजियन लेखनांत एकच व्यंजन तीनदां लागोपाठ लिहीत नाहींत. ‘नात्त’ म्हणजे रात्र, यांत दोन तकार. ‘तोग’ म्हणजे आगगाडी, यांत एक. दोहोंचा समास रात्रीची गाडी, त्यांत तीन तकार यावे, परंतु दोनच लिहितात. त्याचप्रमाणें ‘बुस्स’ व ‘स्तोप्प’ यांपासून होणाऱ्या मोटारथांब्याच्या शब्दांत तीन सकारांचे दोन होतात. आमच्या वैयाकरणांस हा प्रकार ठाऊक होता. उद् आणि स्थान यांच्या संधींत सकाराच्या जागीं थकार येऊन एकाच वर्गाचीं तीन व्यंजनें एकत्र येतात, व अष्टाध्यायीच्या शेवटल्या पादांतील सूत्रानें (८.४.६५) मधल्याचा विकल्पानें लोप होऊन ‘उत्थान’ हें रूढ रूप मिळतें. पाणिनीचा लोप वैकल्पिक, नॉर्वेजियनांचा नित्य, इतकाच भेद.

मौज पुढें आहे. हाच शब्द ओळीच्या शेवटीं तोडण्याचा प्रसंग आला कीं गेलेलें व्यंजन परत येतें. वरच्या ओळींत ‘नात्त’ दोन तकारांसह, खालच्या ओळींत ‘तोग’ आपल्या तकारासह. म्हणजे छापखान्यांतील खिळे जुळविणारा क्षणभर शाकल्याचें काम करितो. ऋग्वेदाच्या संहितेंत ‘पुरोहितम्’ असें म्हणतात. पदपाठांत अवग्रह घालून ‘पुरःऽहितम्’ असें म्हणतांना संधीनें गेलेला विसर्ग परत येतो. सीमा दाखविली कीं मूळ पद आपल्या पूर्ण रूपांत उभें राहावें, ही दृष्टि दोन्हींकडे एक आहे.

स्वराविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. युरोपांतील थोड्याच भाषांत आज शब्दाच्या अर्थाशीं निगडित असा स्वरभेद उरला आहे; नॉर्वेजियन त्यांपैकीं एक. तिच्या बहुतेक बोलींत शब्दास दोन प्रकारचे चढउतार आहेत. ‘तांकेन’ हा शब्द एका स्वरांत म्हटला तर ‘ती टाकी’, दुसऱ्या स्वरांत म्हटला तर ‘तो विचार’. वर्ण तेच; रचना निराळी. पहिल्यांत ‘तांक’ या एकाक्षरी नामास ‘एन’ हा निश्चयवाचक प्रत्यय लागला आहे, दुसऱ्यांत ‘तांके’ या द्व्यक्षरी नामास नुसता नकार. तसेंच ‘बोन्नेर’ असा ऐकूं येणारा शब्द एका स्वरांत ‘शेतकरी’ व दुसऱ्यांत ‘प्रार्थना’ या अर्थाचें अनेकवचन होतो. प्राचीन नॉर्स भाषेंत यांतील पहिला शब्द एका अक्षराचा होता व दुसरा दोन अक्षरांचा. मागाहून पहिल्यांतहि एक स्वर शिरला आणि दोन्ही सारखेच द्व्यक्षरी झाले. पण बोलणारांच्या कंठांत जुनी अक्षरसंख्या शिल्लक राहिली. जें अक्षर शेंकडों वर्षांपूर्वीं नव्हतें तें आजहि मोजलें जात नाहीं! लेखी पुराव्यावरच भिस्त ठेवणाऱ्या संशोधकानें या गोष्टीचा अवश्य विचार करावा. वृत्रासुराच्या कथेंत ‘इन्द्रशत्रु’ या समासाचा स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्रास मारणारा व्हावयाचा तो इंद्राकडून मारला गेला. स्वरावरून शब्दाचें अंतरंग ओळखावें हें आम्ही आतां वेदपाठापुरतें जाणतों. नॉर्वेंतील पोर तें नकळत रोज करितें.

लेखनांत पदें जोडून लिहावीं कीं तोडून, हा वाद त्या देशांत आज बराच गाजतो. नियमानें समास अखंड लिहिला पाहिजे; परंतु दुकानांच्या पाट्यांवर तो तोडण्याची खोड वाढली आहे. ‘रोयकफ्रित्त’ असें जोडून लिहिलें तर ‘धूम्रपानरहित’; ‘रोयक फ्रित्त’ असें तोडलें तर ‘खुशाल धूम्रपान करा’. ‘लाम्मेकोतेलेत्तेर’ हा कोंकराच्या मांसाचा पदार्थ. तोच तोडून लिहिला कीं ते तुकडे ‘पांगळे’ होतात. विनोदाचा भाग सोडला तरी अर्थाची हानि खरी आहे. कारण जागा सोडली कीं वाचणारा दोन आघात देतो व समास मोडतो. मात्र यास केवळ आजच्या आळसाचें फळ म्हणतां येणार नाहीं. प्राचीन नॉर्स हस्तलिखितांत समासांचीं पदें वेगळीं लिहिलेलीं वारंवार आढळतात. त्या लेखकांस पदभान पुष्कळ होतें. अखंड लेखनाचा दंडक तेव्हां बसला नव्हता.

आतां ज्या शब्दांत पदांची आठवण बुजली ते पाहूं. खिडकीस बूकमोलमध्यें ‘विंदु’ म्हणतात. आजच्या बोलणारास तो साधा, द्व्यक्षरी, विन्-दु असा मोडणारा शब्द आहे. त्याचें जुनें रूप ‘विंदाउगा’ : ‘विंद’ म्हणजे वारा व ‘आउगा’ म्हणजे डोळा; वाऱ्याचा डोळा. आमच्या ‘गवाक्षा’चें यास स्मरण व्हावें. दकार मूळचा पूर्वपदाचा. पदभान असेपर्यंत तो ‘विंद’ यांतच राहिला असेल, तें जातांच उच्चारानें त्यास पुढील अक्षरांत ओढून नेलें आणि उत्तरपदाचा डोळा मिटला. विवाहास ‘ब्रिल्लुप’ म्हणतात. जुनें रूप ‘ब्रूधह्लाउप’, म्हणजे वधूची धांव. आमच्या ‘विवाह’ शब्दांतहि नेण्याचाच धातु असल्यामुळें ही कल्पना परकी वाटत नाहीं. शनिवार ‘लोर्दाग’, मूळ ‘लाउगारदागर’, म्हणजे स्नानाचा वार. शेजारी ‘नाबो’; मूळ ‘नाबूइ’, जवळ राहणारा. देशाचें नांव ‘नोर्गे’ हेंहि ‘नोर्धवेगर’ म्हणजे उत्तरेचा मार्ग, या समासाचा अवशेष आहे. देवकुलाचें देऊळ, राजकुलाचें राऊळ, सुवर्णकाराचा सोनार व कुंभकाराचा कुंभार झाला, तीच ही वाट. ‘देऊळ’ म्हणतांना ‘कुल’ कोणास आठवतें?

ओसेनच्या उद्योगाचें मर्म येथें कळतें. ग्रंथभाषेंत झिजलेले पुष्कळ शब्द डोंगरांतील बोलींत अभंग होते. म्हणून न्यूनोर्स्कमध्यें खिडकी आजहि ‘विंदाउगे’ आहे, विवाह ‘ब्रिल्लाउप’ आहे. एकाच देशांत एकच शब्द एका लेखनांत रूढ व दुसऱ्यांत यौगिक असा शेजारीं शेजारीं नांदतो. भाषेचे दोन कालखंड एकाच वर्गांत बसलेले पाहावयास मिळावे, असा योग विरळा. ओसेनच्या पक्षाविषयीं तेथें मतभेद आहेत व त्यांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. पण कोशकार म्हणून त्यानें वांचविलें तें दुसऱ्या कोणाकडून वांचलें नसतें, असें माझें मत आहे.

इतिहासाच्या दृष्टीनें या विचाराचें मोठें फळ स्थलनामांत मिळालें. ओलुफ रिग (१८३३-१८९९) हा इतिहास व पुराणवस्तुशास्त्र यांचा पंडित. शेतवाड्यांच्या नांवांचा त्यानें आरंभिलेला ग्रंथ १८९७ पासून निघूं लागला आणि त्याच्या मृत्यूनंतर इतर विद्वानांनीं १९२४ पर्यंत तो पुढें नेला. डॅनिश अमदानींतील कारकुनांनीं नांवें आपल्या कानाप्रमाणें व आपल्या वळणानें लिहून ठेविलीं होतीं. रिगनें प्रत्येक नांवाखालीं जुन्या कागदांतील रूपें त्यांच्या सालांसह दिलीं, आणि शेजारीं त्या गांवच्या लोकांचा चालू उच्चारहि दिला. कागद व कंठ या दोन्ही साक्षी उलटसुलट तपासल्याखेरीज तो पद तोडीत नाहीं. ही शिस्त आमच्याकडील गांवांच्या नांवांचीं मनास येईल तशी व्युत्पत्ति देणारांनीं एकदां पाहावी.

पदें तुटलीं कीं वसाहतीचे थर दिसूं लागले. उत्तरपदीं ‘विन’ म्हणजे कुरण किंवा ‘हेइम’ म्हणजे घर असलेलीं नांवें सामान्यतः फार जुनीं, सागरी लुटारूंच्या युगाच्याहि पूर्वींचीं. ‘रूद’ म्हणजे जंगल तोडून केलेली जागा, हें उत्तरपद बहुधा मध्ययुगांतील नव्या लागवडीचें. परंतु ही निशाणी जेथें उत्तरपद ओळखूं येतें तेथेंच वाचतां येते, आणि जीं नांवें अधिक जुनीं तींच अधिक झिजलेलीं. ओस्लोच्या शेजारचें ‘बेरुम’ पाहा. बे-रुम हीं दोन अक्षरें कानावर पडलीं तर त्यांत घर कोणास दिसेल? जुनें रूप ‘बेर्गहेइमर’ : ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर, ‘हेइम’ म्हणजे घर. उत्तरपद ‘उम’ एवढेंच उरलें, आणि आघात पूर्वपदावर असल्यानें झीज उत्तरपदाचीच व्हावी हें क्रमप्राप्त होतें. त्रोंद्हेइमला हें भाग्य निराळें लाभलें. तेथें लेखनानें ‘हेइम’ जपला.

लास्सेनच्या जन्मगांवाचीहि हीच कथा. ‘बेर्गेन’ हें आजचें नांव ऐकणारास ‘बेर्ग’ या नामास ‘एन’ हा निश्चयवाचक प्रत्यय लागून ‘तो डोंगर’ असा शब्द झाला आहे असेंच वाटतें, आणि शहराभोंवतीं डोंगर असल्यामुळें ती समजूत पक्की होते. वस्तुतः तेथें प्रत्यय नाहीं, उत्तरपद आहे. जुनें नांव ‘ब्योर्ग्विन’, म्हणजे डोंगरांमधील कुरण. व्यवहारांत तें बुजलें; ख्रिस्ती धर्मप्रांताच्या नांवांत मात्र ‘ब्योर्ग्विन’ हेंच रूप आज चालतें.